आकाशगंगा पाहायला शिकताना: आधी काळोख वाचा

पहिल्यांदा आकाशगंगा दिसली तेव्हा मी तिला ढग समजलो होतो. भंडारदऱ्याच्या बाजूला मित्राचं शेत, मे महिना, अंगणात बाज टाकून पडलो होतो. साडेबाराच्या सुमारास आग्नेयेकडून एक पांढुरका पट्टा वर चढलेला दिसला. "ढग आले, आता काही दिसत नाही," असं म्हणून कूस बदलली आणि झोपलो. अडीचला जाग आली तर ढग होताच, उलट जास्त ठळक झाला होता. जागेवरून सरकला होता, पण ताऱ्यांना सोबत घेऊन. आणि त्याच्या मधोमध, जमिनीला पडावी तशी एक काळी भेग होती.

त्या भेगेसाठीच हा लेख लिहितोय. नवखा माणूस आकाशगंगेतला उजेड बघतो आणि खूश होऊन घरी जातो. त्यात गैर काही नाही. पण आपण आकाशगंगेत नेमके कुठे राहतो हे कळायला खगोलशास्त्रज्ञांना जो उशीर झाला, त्याचं मुख्य कारण त्या काळ्या भागात दडलेलं आहे. तो भाग वाचता आला की शे-दीडशे वर्षांचा गोंधळ एका रात्रीत डोळ्यांसमोर उलगडतो.

सुरुवातीला एका शब्दाचा घोळ निस्तरू. मराठीत आकाशगंगा म्हणजे फक्त आपली, जिच्या आत सूर्य आहे ती. बाहेरच्या अशाच इतर ताऱ्यांच्या वसाहतींना दीर्घिका म्हणतात. वर्तमानपत्रांत 'शेजारची आकाशगंगा' असं सर्रास छापतात. ते चालतं म्हणा, पण हे दोन शब्द वेगळे ठेवले तर पुढचं समजायला सोपं जातं.

पहिली पायरी: रात्र निवडा

यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. चंद्र असला की आकाशगंगा धुऊन जाते, म्हणून अमावस्येच्या आसपासची रात्र हवी.

संकष्टीचा उपास करणाऱ्या घरांत चंद्रोदयाचं गणित पाठ असतं. त्या दिवशी चंद्र रात्री नऊ-साडेनऊच्या आसपास उगवतो आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशीर करतो. म्हणजे संकष्टीनंतर तीन-चार दिवसांनी मध्यरात्रीपर्यंतचा वेळ मोकळा मिळतो. पहाटे पाहायचं असेल तर उलटा हिशेब करा. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यातली प्रत्येक पहाट काळोखी असते.

आता महिने. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनु आणि वृश्चिक राशींकडे आहे. तो रात्रभर दिसतो जूनमध्ये, आणि जूनमध्ये आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको. म्हणून महाराष्ट्रात पावसाच्या दोन्ही बाजूंना पाहावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे पाचला, मार्चमध्ये चारनंतर, एप्रिलमध्ये दोननंतर, मेमध्ये मध्यरात्रीपासून. मग खंड पडतो. ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यापासून साधारण पावणेनऊपर्यंत तो भाग नैर्ऋत्येला असतो.

सोयीच्या चार रात्री सांगतो. महाशिवरात्रीला जागरण असतंच, ते पहाटेपर्यंत ताणायचं. गुढीपाडव्याच्या आदली अमावस्या. सर्वपित्री अमावस्या, पावसाने पाठ फिरवली असेल तर. आणि लक्ष्मीपूजनाची रात्र, पण ती फटाक्यांच्या धुरापासून लांब कुठेतरी काढता आली तरच.

दुसरी पायरी: जागा

मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून दिसणार नाही. त्यावर काही उपाय नाही, कुणी कितीही महागडी दुर्बीण विकली तरी. मोठ्या शहरापासून ऐंशी-शंभर किलोमीटर लांब जा, आणि शहर तुमच्या उत्तरेला राहील अशी जागा बघा, कारण आपल्याला दक्षिण मोकळी हवी. विदर्भातल्यांचं नशीब चांगलं: पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे.

जागा चांगली आहे की नाही याची एक खूण आहे, आणि ती ढगाचीच आहे. शहरात रात्रीचा ढग उजळ दिसतो, कारण खालचे दिवे त्याच्यावर पडतात. खऱ्या काळोख्या जागी ढग काळा दिसतो. ताऱ्यांवर कुणी शाईचा बोळा फिरवावा तसा. ढग काळा दिसला की जागा जमली. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती एका मोठ्या माणसाच्या उपयोगी पडणार आहे.

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात जाणार असाल तर उसाच्या कडेला एकट्याने पडून राहू नका. बिबट्या ही तिथे अफवा नसते.

तिसरी पायरी: डोळ्यांना वेळ द्या

अंधारात डोळा पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाईलचा पडदा एकदा उघडला की ती सगळी मेहनत वाया जाते आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावा, लाल उजेडाने नुकसान कमी होतं. अंधुक गोष्ट बघताना नजर थेट तिच्यावर रोखू नका, किंचित बाजूला बघा. डोळ्याचा मधला भाग अंधारात आंधळाच असतो, कडेचा भाग काम करतो. तासाभरासाठी खुर्चीपेक्षा सतरंजी बरी, नाहीतर मान धरते.

चौथी पायरी: एकाच रात्री दोन्ही टोकं बघा

पाडव्याच्या आधीची अमावस्या यासाठी उत्तम. संध्याकाळी अंधार पडल्यावर पश्चिमेकडे मृग नक्षत्र उंच असतं. त्याच्या उजव्या अंगाने वर सारथी तारकासमूह आणि त्यातली तेजस्वी ब्रह्महृदय. या भागातूनही आकाशगंगा जाते, पण इतकी फिकी की "असेल बहुतेक" असं वाटतं. झोपा, गजर लावा आणि साडेचारला पुन्हा उठा. आता आग्नेय-दक्षिणेला वृश्चिकाचा विंचू आणि त्याच्या मागे धनु. तांबूस ज्येष्ठा हे विंचवाचं काळीज, नांगीजवळ मूळ नक्षत्र, आणि डावीकडे धनुतल्या ताऱ्यांची चक्क चहाची किटली होते. इथे आकाशगंगा दाट, रुंद, गाठाळ दिसते. जणू किटलीच्या तोटीतून वाफ निघतेय.

संध्याकाळी तुम्ही वसाहतीच्या बाहेरच्या कडेकडे बघत होता, पहाटे तिच्या मध्याकडे. एकीकडे विरळ, एकीकडे दाट, म्हणजे आपण मध्यावर नाही. इतकं साधं दिसतं, मग ते आधीच का नाही कळलं?

कळावं असा प्रयत्न झाला होता. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून दाखवलं की हा पट्टा म्हणजे सुटे न दिसणारे असंख्य तारे आहेत. १७८५ मध्ये विल्यम हर्शेलने त्याचा पहिला नकाशा काढला. हा मूळचा जर्मन, पेशाने संगीतकार, इंग्लंडात स्थायिक झालेला, दुर्बिणी स्वतः बनवणारा. बहीण कॅरोलिन शेजारी बसून नोंदी घ्यायची. त्याने आकाशाचे सहाशेहून अधिक तुकडे निवडले आणि प्रत्येकात किती तारे दिसतात ते मोजलं. जिकडे जास्त तारे, तिकडे वस्ती लांबवर पसरलेली, असा हिशेब. निघालेल्या नकाशात सूर्य जवळपास मध्यावर आला. पुढे स्वतःच्याच मोठ्या दुर्बिणीतून आणखी तारे दिसू लागले, तेव्हा त्याचा त्या नकाशावरचा विश्वास डळमळला. पण सूर्य मध्याजवळ ही कल्पना टिकली. १९२२ मध्ये नेदरलँड्सच्या याकोबस काप्टाइनने फोटोंच्या काचांवरचे लाखो तारे मोजून काढलेल्या चित्रातही सूर्य मध्याच्या जवळच होता.

दोघांची मोजणी चोख होती. ताऱ्यांमधली जागा मात्र स्वच्छ आहे असं त्यांनी धरलं होतं.

पाचवी पायरी: आता काळोख वाचा

इथे घाई करू नका, अर्धा तास द्या. ऑक्टोबरची संध्याकाळ यासाठी सगळ्यात चांगली. डोक्यावर हंस, त्याच्या खाली दक्षिणेकडे गरुड आणि त्यातला श्रवण, आणखी खाली धनु. आकाशगंगा या तिघांमधून उतरते आणि हंसापासूनच तिचे दोन फाटे होतात. मधला काळा पट्टा थेट धनुपर्यंत जातो. नदीत लांबलचक बेट असावं तसा.

वहीत पेन्सिलीने चित्र काढा, आणि तारे सोडून आधी हा काळा पट्टा काढा. त्याच्या कडा बघा. कुठे धारदार, कुठे विस्कटलेल्या. आता स्वतःला विचारा: इथे तारे नाहीत, की तारे आहेत पण समोर काहीतरी आडवं आलंय?

हर्शेलने पहिलं उत्तर निवडलं होतं. वृश्चिकातल्या एका तारकागुच्छाजवळची रिकामी जागा त्याने 'आकाशातलं भोक' म्हणून नोंदवली. अमेरिकेतला एडवर्ड बर्नार्डही बरीच वर्षं असाच विचार करत होता. बर्नार्डचं बालपण हलाखीत गेलं, लहान वयातच तो फोटो स्टुडिओत कामाला लागला, आणि पुढे आकाशगंगेचे फोटो काढण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. १९१३च्या उन्हाळ्यात एका स्वच्छ, बिनचंद्राच्या रात्री तो धनु राशीकडचा भाग टिपत होता. तेवढ्यात त्या उजळ ताऱ्यांवर ढगांचे छोटे छोटे पुंजके सरकताना दिसले. साधेच पृथ्वीवरचे ढग, काही तर चंद्रबिंबाएवढेच. उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते, आणि आपल्या फोटोंमधल्या काळ्या डागांशी त्यांचं साम्य त्याला लख्ख जाणवलं. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली.

म्हणजे समोर काहीतरी आहे. पण ते फक्त त्या डागांपुरतं, की सगळीकडेच पातळ पसरलेलं? हे १९३० मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्पलरने सोडवलं. त्याची युक्ती समजून घ्यायला घाटात चला.

पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यातून समोरून एसटी येतेय. दिवे मिणमिणते दिसतात, म्हणून वाटतं गाडी लांब आहे. पण दोन दिव्यांमधलं अंतर बघा. ते चांगलं रुंद दिसतंय, म्हणजे गाडी जवळ आली! दोन्ही अंदाज जुळत नाहीत, याचाच अर्थ मध्ये धुकं आहे. ट्रम्पलरने शंभरेक तारकागुच्छांवर नेमकं हेच केलं. एकदा त्यांच्या तेजावरून अंतर काढलं, एकदा त्यांच्या आकारावरून. गुच्छ जितका लांबचा, तितकी तफावत जास्त. आकाशगंगेच्या सपाट तबकडीत सगळीकडे बारीक धूळ भरलेली आहे आणि ती दूरच्या ताऱ्यांचा उजेड खाते.

हर्शेल आणि काप्टाइन सूर्य मध्यावर आहे असं का म्हणत होते ते आता उमगतं. दाट धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला चारी बाजूंना सारखंच लांबवर दिसतं, म्हणून आपणच मैदानाच्या मधोमध उभे आहोत असं त्याला वाटतं. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचे लाख कोटी कण घेतले तर त्यातला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो.

या काळोखाला आकृती मानणारेही लोक आहेत. ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज ताऱ्यांऐवजी काळ्या पट्ट्यांतून आकाशातला एमू पक्षी बघतात. त्याचं डोकं त्रिशंकूजवळच्या काळ्या डागात. आपल्याकडून त्रिशंकू एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजालगत दिसतो, पण तो डाग इतक्या खाली नीट दिसत नाही. सिडनी-मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र संधी सोडू नये, तिकडे धनु जवळजवळ डोक्यावर येते. लंडनकरांना ती क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर दिसते. पुण्यात हाच आकडा बेचाळीस.

सहावी पायरी: बायनॉक्युलर

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. ७×५० किंवा १०×५० चं बायनॉक्युलर पहिली दोन वर्षं पुरतं. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हात कापतात, म्हणून कोपर कशावर तरी टेकवा.

आधी विंचवाच्या नांगीजवळ फिरा. तिथे सुट्या ताऱ्यांचा एक सुंदर गुच्छ आहे, एम ७ (एम म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक), जो नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो. मग ज्येष्ठाच्या किंचित पश्चिमेला एम ४, आणि किटलीच्या झाकणाच्या टोकाजवळ एम २२. हे दोन्ही कापसाच्या बोळ्यासारखे दिसतील. हे गोलाकार तारकागुच्छ. एकेकात लाखो म्हातारे तारे ठासून भरलेले. एम २२ आपल्यापासून सुमारे दहा हजार प्रकाशवर्षांवर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा एकदा वाचून सोडून द्या, उपयोग काही होत नाही.

आता बायनॉक्युलर सगळ्या आकाशावर फिरवा. नकाशा हाताशी ठेवून असे बोळे कुठे कुठे आहेत ते बघा. आपल्या आकाशगंगेचे असे दीडशेच्या वर गुच्छ माहीत आहेत आणि त्यातले जवळपास तिसरा हिस्सा एकट्या धनु राशीच्या अवतीभवती गोळा झालेत.

हार्लो शॅपली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला हीच गोष्ट खटकली. जत्रेच्या गर्दीत सापडलं की देऊळ दिसत नाही, माणसांच्या पाठीच दिसतात. पण मान वर केली तर आकाशपाळण्यांचे दिवे दिसतात, आणि ते सगळे एकाच बाजूला असतील तर जत्रेचा मध्य त्या बाजूला. गोलाकार गुच्छ असेच आहेत. ते तबकडीच्या वर-खाली, धुळीच्या बाहेर पसरलेले असतात. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरच्या साठ इंची दुर्बिणीने शॅपलीने त्यांची अंतरं काढली आणि १९१८ मध्ये जाहीर केलं की या गुच्छांचा मध्य धनुकडे आहे, तोच आकाशगंगेचा मध्य, आणि सूर्य तिथून खूप दूर, कडेच्या वस्तीत.

पण अंतरं काढली कशी? याचं श्रेय हेन्रिएटा लेविटचं. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेवरचे तारे मोजायला ठेवलेल्या बायकांपैकी ती एक, पगार तासाला तीस सेंट. मॅगेलनच्या लहान मेघातले, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतले, तेज कमी-जास्त होणारे २५ तारे तिने तपासले आणि १९१२ मध्ये एक नियम मांडला: ज्या ताऱ्याचा चढउतार सावकाश, तो मुळातच जास्त तेजस्वी. हे तारे सेफीड जातीचे. या जातीला नाव मिळालं वृषपर्वा तारकासमूहातल्या एका ताऱ्यावरून. आता ताऱ्याची लय मोजायची, त्यावरून त्याचं खरं तेज काढायचं, आणि तो किती मंद दिसतो यावरून अंतर. विश्वाची मोजपट्टीच तिने हातात दिली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात मोठा शोध हाच, आणि शाळेच्या पुस्तकात सगळ्यात कमी ओळी यालाच.

शॅपलीचे आकडे मात्र फुगले. आकाशगंगेचा व्यास त्याने तीन लाख प्रकाशवर्षं सांगितला, आज तो एक लाखाच्या आसपास मानतात. फुगण्याच्या कारणांत धूळही होतीच. सूर्यापासून केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे.

सातवी पायरी: एकदा घराबाहेर बघा

नोव्हेंबरच्या संध्याकाळी आठ-नऊला उत्तरेकडे शर्मिष्ठा शोधा, पाच ताऱ्यांचा वेडावाकडा 'एम'. त्याची दोनपैकी जास्त टोकदार बाजू देवयानीकडे बोट दाखवते. त्या दिशेने गेलं की एक लांबट धुरकट ठिपका सापडतो, काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांनीही. ही देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर.

हा ठिपका आकाशगंगेच्या आत की बाहेर, यावर २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये शॅपली आणि हेबर कर्टिस यांच्यात जाहीर वाद झाला. शॅपली म्हणे, आकाशगंगा प्रचंड आहे, सूर्य कडेला आहे आणि असले सर्पिल ठिपके तिच्यातलेच. कर्टिस म्हणे, आकाशगंगा लहान आहे, सूर्य मध्याजवळ आहे आणि ठिपके म्हणजे बाहेरची वेगळी विश्वं. दोघंही अर्धे बरोबर निघाले! ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला शंभर इंची दुर्बिणीतून काढलेल्या देवयानीच्या काचेवर एक सेफीड सापडला. आधी त्याला तो नवतारा, म्हणजे अचानक भडकून मंदावणारा तारा, वाटला होता. ती खूण खोडून त्याने उद्गारचिन्हासह 'बदलता तारा' अशी नोंद केली. लेविटच्या नियमाने अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षं. आजच्या मानाने कमी, पण आकाशगंगेच्या बाहेर नक्की.

आठवी पायरी: चार मिनिटांचा प्रयोग

हा प्रयोग शहरातही होतो. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी निवडा. एखादा ठळक तारा तिच्या कडेमागे नेमका किती वाजता जातो ते मिनिटासकट लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर उभं राहून पुन्हा बघा. तो चार मिनिटं आधी गेलेला असेल. तिसऱ्या दिवशी आठ. ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा असतो.

याच चार मिनिटांनी रेडिओ खगोलशास्त्र जन्माला घातलं. कार्ल जान्स्की हा बेल प्रयोगशाळेतला तरुण अभियंता. समुद्रापलीकडच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधण्याचं काम त्याच्याकडे होतं. न्यू जर्सीतल्या होल्मडेलला त्याने फोर्ड गाडीच्या चाकांवर गोल फिरणारा अँटेना उभा केला. एक बारीक फुसफुस राहून राहून येत होती. आधी वाटलं सूर्याची असेल, पण ती रोज चार मिनिटं आधी येऊ लागली. म्हणजे सूर्य नव्हे, तारे. दिशा निघाली धनु राशीची, आणि १९३३ मध्ये बातमी पहिल्या पानावर झळकली. त्या जागी आज स्मारक आहे. न्यू जर्सीत मराठी वस्ती एवढी आहे की कुणीतरी रविवारी डबा घेऊन जायला हरकत नाही.

धुळीच्या कणांना रेडिओलहरी जुमानत नाहीत. इतकी वर्षं बंद असलेली खिडकी अशी उघडली. १९४४ मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, हेंड्रिक फान डे हुल्स्टने गणिताने दाखवलं की थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडत असला पाहिजे. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली. खिडकीबाहेर काढलेल्या पत्र्याच्या भोंग्यासारख्या अँटेनाने! विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे मारायचे आणि पाऊस आला की पाणी आत शिरायचं. पुढच्या काही वर्षांत या लहरींवरून आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे नकाशे निघाले. हौशी मंडळी आज पत्र्याचा भोंगा आणि स्वस्त रेडिओ डोंगल वापरून हीच लहर घरी पकडतात, पण ते काम पहिल्या वर्षात नको.

त्याऐवजी खोडदला जा. नारायणगावजवळच्या या गावाच्या परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. हायड्रोजनची ही लहर तिच्या टप्प्यात येते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. तारखा आधी तपासून निघा, आणि आवारात मोबाईल बंद ठेवा, तो त्यांच्या दृष्टीने किंचाळणारा शेजारी आहे.

नववी पायरी: केंद्राकडे बोट दाखवा

किटलीच्या तोटीच्या टोकापासून थोडं पश्चिमेला, विंचवाच्या नांगीच्या वरच्या अंगाला, आकाशगंगेचं केंद्र आहे. तिथे काहीच दिसणार नाही, धूळ आहे. रेडिओलहरींत तिथला बिंदू १९७४ मध्ये सापडला. नंतर राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांच्या गटांनी धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त प्रकाशात, वर्षानुवर्षं, त्याभोवती फिरणारे तारे टिपले. त्यातला एक फक्त १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. इतक्या वेगाने फिरवायला मध्ये चाळीस लाख सूर्यांएवढं वस्तुमान हवं, तेही अगदी थोड्या जागेत. म्हणजे कृष्णविवर. दोघांना २०२०चं नोबेल मिळालं आणि १२ मे २०२२ रोजी त्याची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली.

केंद्र मूळ नक्षत्रात येतं, म्हणून 'पूर्वजांना हे ठाऊक होतं, नावातच मूळ आहे' असं कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि विषय बदला. जे डोळ्यांना दिसतच नाही आणि ज्याची दिशा १९१८ मध्ये कळली, त्यावरून नक्षत्राचं नाव आधीच ठरत नसतं.

फोटो काढायचा असेल तर मोबाईल स्टँडवर किंवा दगडावर टेकवा, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ १५ ते २० सेकंद, टायमर लावून. फोटोत जांभळा-नारिंगी रंग येईल. डोळ्यांना ती राखाडीच दिसते, त्यामुळे पाहुण्यांना आधी फोटो दाखवू नका, प्रत्यक्षात बघून हिरमुसतात.

राहिला पावसाळा. जुलैत रात्री अकराच्या आणि ऑगस्टमध्ये नऊच्या सुमारास धनु दक्षिणेला सगळ्यात उंच असते. पावसाने मध्येच उघडीप दिली आणि चंद्र नसला, तर धुतलेल्या हवेत ती मे महिन्यातल्यापेक्षाही ठळक दिसते. अशा रात्री दक्षिणेला ढग दिसला, तर कूस बदलू नका. एखादा तारा धरून ठेवा आणि तासाभराने बघा, ढग त्याच्याजवळच आहे का.